पालथी वाटी

निवडीच्या दिवशी या घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. एरवी भांडायला निदान विषय लागतो, त्या दिवशी तोही लागत नाही. बियांपासून वाढवलेली शेवंती फुलावर आलेली असते, प्रत्येकाचा आपापला वाफा आणि रोपाच्या बुडाशी नावाची चिठ्ठी असते, आणि ऊन उतरेपर्यंत त्यातली बहुतेक रोपं शेडमागच्या ढिगावर जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

पद्धत आजोबांनी घालून दिलेली. पितळेची एक वाटी. रोपावरचं सगळ्यात मोठं फूल घ्यायचं आणि त्यावर वाटी पालथी धरायची. पाकळ्या कडेबाहेर दिसल्या तर रोप तरलं. फूल वाटीत गडप झालं तर रोप बुडालं, आणि बुडालेलं रोप ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं उपटायचं. वाटी धरायची ती घरातल्या वडीलधाऱ्यानं. आजोबांच्या मागे ती त्यांच्या थोरल्या मुलाकडे, म्हणजे दादांकडे आली, आणि आता दादांचेही केस पिकले होते. याच वाटीखालून ती मोठी पांढरी शेवंती तरून निघाली होती, जिच्या जिवावर हे घर उभं राहिलं. त्यामुळे वाटीच्या विरुद्ध ब्र काढायची कोणाची हिंमत नव्हती.

शिवाय प्रत्येक रोपाला वाटीपुढे पुरेपूर संधी मिळायला हवी. म्हणून कळ्या धरल्या की मधली एक ठेवून बाकीच्या सगळ्या खुडायच्या, म्हणजे रोपाचं सगळं बळ त्या एका फुलात जातं. हे इतकं अंगवळणी पडलं होतं, की एकही कळी न खुडलेलं बियांचं रोप कसं दिसतं, ते या घरात कोणी पाहिलेलंच नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या शेवंती करणाऱ्या माणसांनी शेवंती मनासारखी फुललेली पाहू नये, याला काय म्हणावं?

पाहिलं ते फक्त आत्यानं. दादांची ही धाकटी बहीण. साठी ओलांडली तरी दादा तिला बारकीच म्हणत. मागच्या हंगामात ती ढिगावर काडीकचरा टाकायला गेली आणि हातातली टोपली तशीच धरून उभी राहिली. त्याच्या आधीच्या निवडीत उपटून फेकलेलं एक रोप कचऱ्यातच मूळ धरून वाढलं होतं, आणि त्याच्या कळ्या खुडायला तिथे कोणी आलं नव्हतं. फुलं वाळेपर्यंत तिनं वाट पाहिली, बी घेतलं. बुडातून फुटणाऱ्या कोवळ्या काश्याही आठवड्याभरानं घ्यायच्या असं ठरवलं. तेवढ्यात खतासाठी ढीग उलथला गेला आणि ते झाड मातीत मिसळलं.

बियांनी तेच झाड पुन्हा येत नाही, ते येतं फक्त काशी लावून. प्रत्येक बी वेगळं निघतं. आत्यानं पेरलेल्यातली बरीचशी रोपं सुमार निघाली, काही तर बघवत नव्हती. एक मात्र निघालं. ते जपायचं तर फुलं सरून काश्या फुटेपर्यंत जमिनीत राहायला हवं होतं. आज उपटलं की संपलं, तसं झाड परत जगात होणार नव्हतं.

"तू काळजी करू नकोस आत्या, मी बोलतो," सकाळी शेडमध्ये चहा घेताना दादांचा मुलगा तिला म्हणाला होता. तो संशोधन केंद्रात शेवंतीवरच काम करतो, म्हणून घरात त्याला प्रोफेसर म्हणतात. त्याला ते आवडत नाही, म्हणून जास्तच म्हणतात.

"नक्की बोलशील?"

"अगं, आम्ही दुसरं काय करतो तिथे? ज्या झाडाला फांद्या जास्त, ज्याचा घेर मोठा, त्याला फुलं जास्त. आणि फूल जितकं मोठं होत जातं तितकी फुलं कमी. दोन्ही एकाच झाडाकडून मागायचं म्हणजे कठीण आहे. इतकं साधं आहे."

"इतकं साधं आहे, तर इतकी वर्षं घरात का बोलला नाहीस?"

प्रोफेसरनं चहाचा घोट घेतला, तो जरा लांबवलाच. "आज बोलतो ना," तो म्हणाला.

आत्यानं त्याच्यावर विश्वास ठेवला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंही. रात्रीतून रोप हलवून कुठेतरी लपवता आलं असतं, पण तिला ते चोरून वाढवायचं नव्हतं. घरच्या झाडांमध्ये, घरच्या नावानं ते लागावं अशी तिची इच्छा होती, आणि त्यासाठी दादानं ते पाहायला हवं होतं.

दादांची सून, प्रोफेसरची बायको, या सगळ्यात नव्हती. तिला फक्त लवकर आटपायला हवं होतं. पहाटे फुलांची गाडी घेऊन बाजारात जायचं, काट्यावर पोती चढवायची, दलालाशी हुज्जत घालायची, आणि घरी येऊन पुन्हा या वाटीच्या मागे हिंडायचं, याचा तिला मनस्वी कंटाळा होता. त्यात आत्याशी तिचा अबोला चालू होता. ऐन तोडणीच्या दिवसांत आत्यानं पंपाचं पाणी आपल्या वाफ्याकडे वळवलं होतं, आणि त्यावरून दोघींचं जे वाजलं होतं ते अजून कानांत होतं. वाफ्याभोवती आत्यानं हिरवी जाळी लावून घेतली तेव्हा सूनबाई नवऱ्याला म्हणाली होती, "रुसून बसायला खोली पुरली नाही वाटतं."

दुपार कलली तोवर आत्याचा सोडून सगळे वाफे झाले होते. दादा पुढे, त्यांच्यामागे स्टूल उचलून प्रोफेसर. दादा बसत, वाटी धरत, म्हणत, "बुडालं." मग उपटल्याचा बारीक आवाज. पुन्हा, "बुडालं." स्वतःच्या वाफ्यातली रोपं दादांनी स्वतः उपटली, कोणापेक्षा कमी नाहीत. त्या बाबतीत माणूस चोख. प्रोफेसरचं एकच तरलं. सूनबाईचं एकही नाही. तिनं हात झटकले आणि मोबाइलवर उद्याची गाडी सांगायला घेतली.

"चला, राहिली बारकी," दादा म्हणाले.

जाळीजवळ येताना सूनबाईला आधी गुणगुण ऐकू आली. तिला वाटलं पंप चालू राहिला. रागानं वळून तिनं पंपाकडे पाहिलं, तो बंद होता. आवाज जाळीच्या आतून येत होता.

आत्यानं जाळीच्या गाठी सोडल्या. जाळी खाली आली आणि सूनबाईचं फोनवरचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

वाफ्याच्या मधोमध ते रोप होतं. रोप कसलं, पालथी टोपली ठेवावी तसं गोल, जमिनीपासून वरपर्यंत नुसतं फूल. फिकट पिवळं, कडेला तांबूस. पान कुठे दिसेना. खोड दिसेना. फुलांवर मधमाश्या होत्या, इतक्या की सगळं झाड हलल्यासारखं वाटत होतं, आणि ती गुणगुण त्यांची होती. आजूबाजूची रोपं बिचारी कुठल्या कुठे गेली होती. जन्म फुलांत काढलेली ती माणसं तोंड उघडं टाकून उभी राहिली.

"अलो, अलो," फोनमधून गाडीवाला म्हणत होता. सूनबाईनं फोन बंद केला.

सगळ्यात आधी माई बोलल्या. माई म्हणजे दादांच्या पत्नी, चहाचा थर्मास घेऊन मागून येत होत्या. "अगं बाई," त्या हळूच म्हणाल्या, "हे आपल्याकडचं आहे?"

दादा स्टुलावर बसले नाहीत. "कळ्या खुडल्या नाहीस?"

"नाही," आत्या म्हणाली.

"का?"

"बघायचं होतं. आपण हात लावला नाही तर ते काय करतं, ते."

"असं चालत नाही, बारके. सगळ्यांनी खुडल्या, तू नाही खुडल्यास. मग वाटीखाली धरायचं काय?"

आत्यानं प्रोफेसरकडे पाहिलं. प्रोफेसरनं वडिलांकडे पाहिलं. केंद्रात शंभर माणसांसमोर तो तासभर बोलतो. झाड पाहून तो स्वतः हादरला होता. असं झाड केंद्रातही निघालेलं त्याला आठवत नव्हतं. पण समोर दादा होते, हातात ती वाटी होती, आणि तो पुन्हा शाळेतला मुलगा झाला.

"म्हणजे... आत्याचंही बरोबर आहे," तो म्हणाला, "पण नियमानं पाहिलं तर..."

"नियमानं पाहिलं तर काय?" हा आवाज सूनबाईचा होता. आत्यानंही चमकून तिच्याकडे पाहिलं. "घरात माझ्यापुढे तर फांद्या आणि घेर यांवर जेवण निवेपर्यंत बोलता. आता का दातखीळ बसली?"

"तू मध्ये पडू नकोस," प्रोफेसर म्हणाला.

"पडणार. बाजारात मी जाते, तुम्ही नाही. दादा, रागावू नका, पण काट्याला तुमची वाटी माहीत नाही. तिथे पारडं खाली जायला लागतं. तुमच्या त्या पांढऱ्याला लोक हात जोडतात, फोटो काढतात, आणि पोतं भरून दुसऱ्याकडचं घेऊन जातात. हे रोज बघते मी. आत्यांचं आणि माझं पटत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. पण हे झाड उपटलंत तर मी उद्यापासून गाडीत बसणार नाही."

असं या घरात याआधी कोणी बोललं नव्हतं. माईंनी थर्मासचं झाकण उगाच घट्ट केलं.

दादांचा चेहरा मात्र बदलला नाही. "काटा बाजारात," ते म्हणाले. "इथे वाटी. माझ्या स्वतःच्या रोपांना मी सूट दिली नाही. बारकीला कशी देऊ?"

"सूट नको," आत्या म्हणाली. "वाटी लाव. बाबांचा नियम काय आहे? सांग."

"रोपावरचं सगळ्यात मोठं फूल घ्यायचं."

"मग घे. मला नाही सापडलं कुठलं ते. तू शोध."

दादा काहीतरी बोलणार होते. ते थांबले. एकच फूल असलेल्या रोपावर सगळ्यात मोठं फूल शोधावं लागत नाही, त्यामुळे हा प्रश्न कधी कोणाला पडलाच नव्हता. आणि पाहिल्यावाचून निकाल द्यायचा हे दादांच्या रक्तात नव्हतं.

"स्टूल दे," ते मुलाला म्हणाले.

"आता हे उठायचे नाहीत," माई पुटपुटल्या, आणि जाळीवरच बसकण मारली.

दादांनी समोरच्या फुलावर वाटी धरली. फूल आत गेलं. "बुडालं." शेजारचं. "बुडालं." त्याच्या वरचं. "बुडालं." मधमाश्या उठत, वाटीला वळसा घालून पुन्हा बसत. दादा एका कडेनं निघाले. आवाज सकाळचाच होता, कोरडा, एकसुरी. आत्या उभी होती आणि प्रत्येक "बुडालं" तिच्या अंगावर येत होतं.

थोड्या वेळानं स्टूल सरकवावं लागलं. मग पुन्हा. पुढची रांग संपली असं वाटलं तेव्हा दादांनी एक फांदी बाजूला केली, तर मागे तितकीच फुलं. ती फांदी एका हातानं धरून दुसऱ्या हातानं वाटी धरता येईना.

"हे धर जरा," ते म्हणाले.

प्रोफेसरनं खाली बसून फांदी धरली. मग दुसरी. तिसरीसाठी हात उरला नाही, तेव्हा सूनबाई पलीकडून येऊन बसली. दोघं नवराबायको झाडाच्या दोन बाजूंना, हातांत फुलांचे भारे, आणि मधून दादांची वाटी आत आत चाललेली. प्रोफेसर बायकोकडे पाहत नव्हता. तिनंच हळू आवाजात विचारलं, "जड नाही ना होत?" त्यानं मान हलवली.

दादांना आता झाडाच्या आतलं दिसत होतं. आयुष्यभर त्यांनी शेवंती वरून पाहिली होती. वाटी वरून धरायची, मग नजर फुलाखाली जायचं कारणच काय? इथे मातीजवळच खोडाला फांद्या फुटल्या होत्या, त्या फांद्यांना फांद्या, त्यांनाही पुन्हा, आणि एकही रिकामी नव्हती. कोणी शिकवलं नव्हतं, कोणी वळवलं नव्हतं. प्रत्येक फांदी दुसरीला जागा देऊन बाहेर उजेडाकडे आली होती. आणि फुलांच्या मागे, जिथे ऊन पोचत नव्हतं, तिथेही हिरव्या कळ्या होत्या, घट्ट मिटलेल्या, आपली पाळी येण्याची वाट पाहत.

"बुडालं," दादा म्हणाले, पण ते फक्त जवळच्या दोघांना ऐकू आलं. पुढच्या फुलाला नुसते ओठ हलले. मग ओठही हलेनात. वाटी फुलावर जात होती, उचलली जात होती. ज्या बळाला ते जन्मभर एका फुलात कोंबत आले, ते मोकळं सोडलं तर हे करतं. त्यांना एकदम आपण फार लहान आहोत असं वाटलं, वडिलांचं बोट धरून पहिल्यांदा वाफ्यात आलो होतो तेवढे लहान. डोळे भरून आले, ते त्यांनी लपवलं नाही.

"दादा," प्रोफेसर म्हणाला, "पाणी आणू?"

"तुला हे माहीत होतं?"

फांदी धरलेले हात प्रोफेसरला सोडता येत नव्हते, त्यामुळे नजर चुकवायलाही जागा नव्हती. "असं होईल हे नव्हतं माहीत. पण फांद्या, घेर, ते माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दुखावाल म्हणून."

दादांनी मान डोलावली. रागावले असते तर प्रोफेसरला बरं वाटलं असतं.

झाडाला पूर्ण वळसा पडला तेव्हा ऊन शेडच्या पत्र्यावर गेलं होतं. दादा गुडघ्यांवर हात टेकून बसून राहिले. "एकही तरलं नाही," ते म्हणाले.

सूनबाईनं फांद्या हलकेच सोडल्या. काही बोलायला तिनं तोंड उघडलं, पण आत्यानं हात वर केला. मग आत्या पुढे आली, झाडापाशी गुडघे टेकले, फुलांच्या खालून हात घातला आणि बुंधा धरला. ज्याचं रोप त्यानं उपटायचं. वाटी लाव असं तीच म्हणाली होती, आता मागे फिरणं तिला जमणार नव्हतं. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. फुलांत खांद्यापर्यंत बुडालेली ती म्हातारी बाई पाहून माईंनी तोंड फिरवलं.

"थांब," दादा म्हणाले.

आत्याचा हात तिथेच राहिला.

"अजून कळ्या आहेत आत."

"आहेत."

"सगळ्यात मोठं फूल असा नियम आहे. उमललेलं सगळ्यात मोठं असं बाबा कधी म्हणाले नाहीत. उद्या त्यातली एखादी कळी वाटीबाहेर गेली तर? निकाल खोटा ठरेल माझा." दादांनी घसा साफ केला. "शेवटची कळी उमलेपर्यंत निकाल देता येणार नाही. तोवर हे झाड हलवायचं नाही. कोणीही."

शेवटची कळी उमलेपर्यंत काश्या हातभर होतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. मागून येणारी फुलं आधीच्यांपेक्षा लहानच निघतात, हेही प्रोफेसरला माहीत होतं, आणि सवयीनं तो ते सांगणारही होता. सूनबाईनं त्याला असा चिमटा काढला, की तो फक्त "बरोबर आहे" एवढंच म्हणाला.

आत्यानं हात बाहेर काढला. बाहीवर पाकळ्या चिकटल्या होत्या. तिला हसू येत होतं आणि रडू थांबत नव्हतं, आणि दोन्हींची तिला लाज वाटत नव्हती.

"बारके," दादांनी विचारलं, "बी कुठलं हे?"

"ढिगावरचं. फेकलेलं एक रोप तिथे रुजलं होतं."

"कोणी फेकलेलं?"

आत्यानं बाहीवरची एक पाकळी काढली. मग म्हणाली, "तुझ्या वाफ्यातलं होतं, दादा. तुझी चिठ्ठी होती बुडाशी."

दादांनी हातातल्या वाटीकडे पाहिलं. किती पुसलेली, किती जपलेली. वडिलांनी ती हातात दिली त्या दिवसापासूनच्या सगळ्या निवडी, सगळे कोरडे "बुडालं", शेडमागचा तो ढीग, जो दर हंगामाला उंच होई आणि दर हंगामाला मातीत जाई, हे सगळं एकदम त्यांच्यासमोर आलं.

"अशी किती गेली असतील?" ते म्हणाले.

मधमाश्यांचा आवाज तेवढा चालू होता. दादा उठले. वाटी त्यांनी स्टुलावर ठेवली, पालथी, आणि शेडच्या मागे चालू लागले. प्रोफेसर स्टूल घ्यायला वाकला, मग तसाच सोडून त्यांच्यामागे गेला.

सकाळपासून उपटलेली रोपं ढिगावर पडली होती. फुलं माना टाकून होती, पण खोडं अजून ताठ होती आणि मुळांना ओल होती. दादांनी ढिगापाशी मांडी घातली, वरचं एक रोप उचललं आणि बोटानं बुडाशी चाचपलं, चिठ्ठी गळून गेली होती. जिथे जिथे कळी खुडली होती, तिथे तिथे बारीक व्रण होता. ते एकेका व्रणावर बोट ठेवत वर गेले.

"हे कोणाचं?"

"माझं," प्रोफेसर म्हणाला.

"खड्डे कर. ऊन गेलंय, लागतील अजून." त्यांनी रोप त्याच्या हातात दिलं. "पुढच्या वर्षी कोणी हात लावायचा नाही यांना. बघू या, काय करतात."

मागून सूनबाईची हाक आली. ती आत्याला हाक मारत होती, कित्येक दिवसांनी. "आत्या, पंप चालू करा. इकडे वळवा, हवं तेवढं घ्या."

दादांनी ढिगातून दुसरं रोप उचललं.